भंगारात चाललेलं जुनं पॅचर मशीन परत कामाला कसं लावायचं

२०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि ते उतरल्यावर गावभागात लोकांनी जे रस्त्यावर आणून टाकलं त्यात गाद्या, फ्रीज, भिजलेल्या वह्या यांच्यासोबत एक सिंगरचं लांब हाताचं शिलाई मशीन पण होतं. चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्या तात्यांचं. चिखलानं असं भरलेलं की चाक हलत नव्हतं, भंगारवाला किलोवर मागत होता आणि तात्या म्हणाले, "घेऊन जा बाळा, माझ्याच्यानं आता नाय व्हायचं." ते मशीन आज माझ्याकडं चालू आहे, रोज चालतं. त्यानंतर मी अजून चार मशीनं उघडली, त्यातली दोन मिरजेत मिळाली, एक कराडकडनं आलं, आणि प्रत्येक वेळी हेच दिसलं की "मेलंय" म्हणून जे मशीन लोक विकून टाकतात ते बहुतेक वेळा नुसतं अडकलेलं असतं. मोडलेलं नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कुणाच्या घरी, दुकानाच्या माळ्यावर असं एखादं पडलं असेल तर कृपा करून आधी हे वाचा आणि मग भंगारवाल्याला फोन करा.

आधी मशीन ओळखा. चामड्याच्या दुरुस्तीला सगळ्यात कामाचं म्हणजे सिंगर २९के, ज्याला आपण पॅचर म्हणतो. यातला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किल्बोवी कारखाना, तो १९८० मध्ये बंद झाला, म्हणजे अस्सल २९के कमीत कमी तेवढं तरी जुनं असणारच. याची खासियत अशी की कापड पुढं सरकवणारे दात खाली नसतातच, सुईजवळचा चामडं दाबणारा वरचा पायच ते धरून पुढं ओढतो आणि तो पाय गोल फिरतो, पूर्ण ३६० अंश. त्यामुळं बूट किंवा बॅग जागेवर ठेवून तुम्ही कुठल्याही दिशेला शिवू शकता, आणि खालचा हात इतका बारीक असतो की बुटाच्या तोंडातून आत जातो. दुसरं मशीन म्हणजे ३१के, शिंप्यांकडं असायचं ते सपाट मशीन, ते पातळ चामड्याला, पाकिटाला, अस्तराला चांगलं पण त्याला फक्त खालून ओढ असते, त्यामुळं वरचा थर मागं राहतो आणि खालच्या बाजूला दातांचे व्रण उठतात. १११डब्ल्यू१५५ कुठं मिळालं तर सोडू नका, त्यात सुई, आतला पाय आणि खालचे दात तिन्ही एकत्र चालतात, बॅगा आणि सीट कव्हरला त्याच्यासारखं नाही. पण बूट आणि बॅगेच्या कोपऱ्याला पॅचरच लागतं म्हणून पुढचं सगळं पॅचर धरून सांगतो, साफसफाईचं मात्र सगळ्यांना लागू आहे.

घेताना काय बघायचं. गंज बघून घाबरू नका, गंज जातो. बघायचं ते हे की खालच्या हाताच्या टोकाला शटल (वरच्या दोऱ्यात खालचा दोरा अडकवणारा भाग) आहे का, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळी) आहे का, पायाचे दात शिल्लक आहेत का, आणि कुठं बिडाला तडा गेलाय का. बिडाचा हात तडकला असेल तर सोडून द्या, बिडाचं वेल्डिंग टिकेल याचा भरवसा नसतो. मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी, मशीन फिरत असेल तर चाक एका हातानं घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं शटल ज्याच्यावर बसतं तो ड्रायव्हर हलवून बघा. खालच्या हातात दातांची पट्टी आणि छोटी गिअर असतात, त्यांच्यावर शटलची सगळी हालचाल चालते, आणि ती झिजली की चाक स्थिर असतानाही शटल इकडं तिकडं डुलतं. थोडा प्ले, म्हणजे ढिलाई, सगळ्याच जुन्या मशीनला असतो. पण जास्त असेल तर टाके सुटणारच, मग तुम्ही कितीही सुया बदला. दुसरी झीज वरच्या पायाच्या लिव्हरमध्ये असते, टाका मोठा करायचा स्क्रू शेवटपर्यंत नेला तरी टाका बारीकच पडत असेल तर ती झीज समजायची आणि भाव त्या हिशोबानं करायचा.

आता साफसफाई. पुराचं मशीन असेल तर एक गोष्ट उलटी वाटेल पण करा, चिखल वाळू द्यायचा नाही. नदीचा गाळ बारीक रेतीसारखा असतो आणि वाळला की तेलाच्या भोकात सिमेंटसारखा बसतो, म्हणून आधी स्वच्छ पाण्यानं पाईप मारून गाळ काढायचा, लगेच फडक्यानं पुसायचं आणि मग डिझेल ओतून आतलं पाणी बाहेर काढायचं. मी तात्यांचं मशीन पत्र्याच्या मोठ्या परातीत आडवं ठेवून दोन दिवस डिझेल फिरवत होतो, पहिल्या दिवशी परातीत नुसता तांबडा चिखलच उतरला. घासलेट मिळत असेल तर अजून चांगलं पण आता ते कुठं सहज मिळतंय. हे काम अंगणात करा, बंद खोलीत नको, आणि जवळपास बिडी-काडी कुणी पेटवणार नाही हे बघा.

पुरातलं नसेल, नुसतं वर्षानुवर्षं पडून असेल, तर आतलं जुनं तेल डिंकासारखं झालेलं असतं. त्यात अर्धा दोष आपल्या लोकांच्या खोबरेल तेलाचा. घरात होतं म्हणून मशीनला खोबरेल, कधी शेंगदाण्याचं तेल, आणि ते सुकून पिवळा चिकट थर होतो जो नखानं खरवडला तर निघत नाही. अशा मशीनचं चाक जोर लावून फिरवायचं नाही, ही चूक सगळे करतात, पान्यानं नाहीतर पाईप घालून ओढतात आणि मग खालचे गिअरचे दात जातात. प्रत्येक तेलाच्या भोकात, प्रत्येक सांध्यात डिझेलचे चार थेंब, रात्रभर थांबा, सकाळी चाक दोन बोटं इकडं दोन बोटं तिकडं. हललं तर तेवढंच, परत डिझेल. हेअर ड्रायरनं सांधा गरम केला तर जुनं तेल लवकर सुटतं. मिरजेतलं एक मशीन माझं नवव्या दिवशी पूर्ण फिरलं, आठ दिवस ते केसाएवढंसुद्धा हललं नव्हतं.

उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, चारही बाजूनं, आणि प्रत्येक भाग काढताना परत एक. स्क्रू कुठल्या भोकातला ते लक्षात राहत नाही, मी अंड्याचा ट्रे वापरतो, एका खळग्यात एका जागेचे स्क्रू. सिंगरच्या स्क्रूचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू त्यात बसत नाही आणि बसवायला गेलात तर भोकाचा आटा जातो, म्हणून एक स्क्रू हरवला की शोधत बसावं लागतं. आणि पेचकस बाजारातला तसाच वापरू नका, त्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं आणि खाचेतून निसटून डोकं खराब करतं, कानशीनं घासून टोक दोन्ही बाजूनं समांतर करा म्हणजे खाच पूर्ण भरते. अडकलेला स्क्रू आधी थोडा घट्ट करायच्या दिशेनं दाबून बघा, मग सोडायच्या. पेचकसावर हलका हातोडा मारा, गरम करा, डिझेल टाका, थंड होऊ द्या, परत. दुसऱ्या मशीनला मी एका संध्याकाळी घाई केली आणि सुईच्या दांड्याच्या टोपीचा स्क्रू तोडला, तो कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या आप्पांनी ड्रिल मारून काढला आणि तसाच आटा पाडून नवीन स्क्रू करून दिला, तेव्हा ते म्हणाले होते की लोखंडाला वेळ दिला की लोखंड ऐकतं.

गंजासाठी चकचकीत भागांवर एकदम बारीक स्टील वूल आणि तेल, बस. छोटे स्क्रू, वॉशर सायट्रिक ॲसिडच्या म्हणजे लिंबूसत्वाच्या पाण्यात काही तास ठेवले तर गंज सुटतो, पण मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करून तेलात टाका, नाहीतर तासाभरात परत तांबूस होतात. स्प्रिंगा ॲसिडात टाकू नका, ठिसूळ होतात.

रंगाबद्दल एक मनापासून सांगतो. जुन्या सिंगरच्या काळ्या रंगावर सोनेरी नक्षी असते आणि तिच्यावर शेलॅकचा पातळ थर असतो, तो थर स्पिरिट आणि थिनरमध्ये विरघळतो. मला हे माहीत नव्हतं. तात्यांच्या मशीनच्या हातावरचा चिखल काढायला मी थिनरचं फडकं फिरवलं आणि तीन फटक्यात सोनेरी वेल फडक्यावर आली, अर्धं 'सिंगर' पण गेलं. पन्नास वर्षं तात्यांनी ती पुसून ठेवली होती, पुरानं पण ती गेली नव्हती. नक्षीवर फक्त शिलाई मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड, हळूहळू, मळ तेलातच निघतो.

सगळं साफ झालं की तेल. साधं पांढरं शिलाई मशीनचं तेल, दुसरं काही नाही. प्रत्येक भोकातून आधी बारीक तार घालून घाण काढा, मग दोन थेंब, मग चाक फिरवा, काळं तेल बाहेर येईल ते पुसा, परत दोन थेंब. जे बाहेर येतं ते स्वच्छ येईपर्यंत. पाय गोल फिरतो ती रिंग लोक विसरतात, ती कोरडी राहिली की पाय अडखळतो आणि कोपऱ्यात टाका वाकडा जातो. खालच्या हाताची झाकणपट्टी काढून गिअर आणि पट्टीला थोडं ग्रीस लावा.

मशीन पायानं चालवायचं की मोटर लावायची, यात माझं मत पक्कं आहे, पायानं. पॅचर हे सावकाश चालायला बनवलेलं मशीन आहे, आणि आपल्याकडं दुरुस्तीत एक एक टाका बघून घालावा लागतो. जुनी क्लच मोटर मिनिटाला १४०० किंवा २८०० फेऱ्यांची असते, ती लावली की चामडं हातातून जातं आणि झिजलेले गिअर अजून झिजतात. लावायचीच तर वेग कमी करता येणारी सर्व्हो मोटर आणि छोटी पुली. पायाच्या स्टँडचा चामडी गोल पट्टा सैल झाला असेल तर तारेची क्लिप काढून थोडा कापा, परत जोडा, नवीन पट्टा पहिल्या महिन्यात ताणतोच.

सुई आणि दोरा. इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात. पॅचरला साधी इंडस्ट्रियल सुई चालत नाही, लांबी वेगळी असते. चामड्याची पातीसारख्या टोकाची सुई २९ बाय ३ या नावानं आणि कापडाची गोल टोकाची २९ बाय ४ या नावानं मिळते. दोन्ही ठेवा. नवीन चामड्याला पातीची, कारण ती कापत जाते. जुन्या भोकातूनच परत शिवायचं असेल तर गोल टोकाची, ती भोक शोधते, नवीन काप मारत नाही. दोरा बॉन्डेड नायलॉन घ्या, सुती दोरा घामानं आणि पावसानं कुजतो. जी वस्तू सतत उन्हात राहते, गाडीची सीट, ट्रॅक्टरचं कव्हर, तिला पॉलिस्टर, कारण नायलॉन उन्हात हळूहळू कमजोर होतं. दोऱ्याची जाडी टिकिट नंबरात सांगतात, नंबर जितका लहान तितका दोरा जाड; टिकिट ४० चा दोरा असेल तर १६ किंवा १८ नंबर सुई, टिकिट ३० ला १८ किंवा २०, टिकिट २० ला २२ च्या पुढं. छोट्या बॉबिनच्या पॅचरला टिकिट ३० पेक्षा जाड दोरा घालू नका, बॉबिनमध्ये दोराच मावत नाही आणि शटल गुदमरतं.

दोरा ओवताना वरून खाली पोकळ दांड्यातून न्यावा लागतो, त्यासाठी लांब हुकाची तार लागते, मशीनसोबत नसेल तर सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक बारीक तार वाकवून घ्या. सुई बसवताना लांब खाच दोरा येतो त्या बाजूला आणि दुसऱ्या बाजूचा खोलगट भाग शटलच्या बाजूला. टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, बघायचं तर चाक हातानं फिरवा, सुई एकदम खाली जाऊन थोडी वर आली, दोन मिलिमीटर धरा, की शटलचं टोक सुईच्या अगदी जवळून, भोकाच्या जरा वरून जायला पाहिजे. तसं जात असेल तर टायमिंगला हात लावू नका. टाके सुटतायत म्हटलं की लोक आधी टायमिंग खोलतात, पण दहातल्या सात वेळा सुई उलटी, वाकलेली किंवा चुकीच्या लांबीची असते. नाहीतर पायाचा दाब कमी असतो, मग सुई वर येताना चामडं पण तिच्यासोबत उचललं जातं, दोऱ्याचा फास तयार होत नाही आणि टाका सुटतो. दाब वाढवा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

आता काम. एक उदाहरण सांगतो, एसटीतले एक मामा त्यांची कंडक्टरची चामडी बॅग घेऊन आले, तिकिटाचं मशीन आलं तरी पैशाला ते तीच वापरायचे. खालचा कोपरा उसवलेला, चिल्लर गळत होती. पहिलं काम, जुना दोरा ब्लेडनं कापून चिमट्यानं एक एक तुकडा काढला, खेचून नाही, खेचला की भोक फाटतं. मग चामडं तपासलं. बोटानं दुमडून बघायचं, दुमडल्यावर भेगा पडून लाल भुकटी निघत असेल तर त्या चामड्यात जीव नाही, शिवलं तर टाक्याच्या रेषेवर फाटणार. मामांची बॅग कोरडी होती पण जिवंत होती. आदल्या रात्री आतून-बाहेरून एरंडेल तेलाचा हलका हात दिला, ओलं नाही करायचं, फडक्यावर घेऊन. सकाळी कोपऱ्याला आतून ठिगळ, दीड मिलिमीटरचं, त्याच्या कडा रापीनं तासून पातळ केल्या म्हणजे पायाला पायरी लागत नाही. चपलेचं सोल्युशन दोन्ही बाजूला लावलं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो, मग दाबलं. ओल्या सोल्युशनवर शिवलं की सुईला गोळा बसतो आणि दोरा तुटतो.

बॅग खालच्या हातावर चढवली, गोल टोकाची सुई, टाका जुन्या भोकांच्या अंतराएवढा लावला. पहिली सुई हातानं चाक फिरवून भोकात उतरवली. तीन टाके पुढं, मग सुई खाली ठेवून पाय उलटा फिरवला आणि त्याच भोकातून तीन टाके मागं, परत पाय सरळ. पॅचरला रिव्हर्स नाही म्हणून लोक नाराज होतात, पण पाय फिरतो हाच त्याचा रिव्हर्स आहे. प्रत्येक टाक्याला सुईचं टोक भोकाच्या तोंडाशी आलं की थांबायचं, भोक जरा बाजूला असेल तर पाय किंचित उचलून चामडं सरकवायचं, मग सुई खाली. कोपऱ्यावर बॅग फिरवायची नाही, पाय फिरवायचा. नऊ इंच शिलाईला पाऊण तास लागला. शेवटी दोऱ्याची टोकं आतल्या बाजूला घेऊन लायटरनं टोकाला नुसती धग दिली आणि शिलाईवरून हातोडी हलकीच फिरवली, दोरा चामड्यात बसतो आणि घासला जात नाही.

नवीन शिलाई घालताना टाका तीन ते चार मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका मजबूत असतो हे कापडाचं शास्त्र आहे, चामड्यात बारीक टाके म्हणजे भोकाला भोक लागून पोस्टाच्या तिकिटासारखी कड सुटते. आणि चामड्यातलं भोक भरत नाही, चुकलेली शिलाई उसवली तरी खूण कायम राहते, म्हणून त्याच जाडीच्या तुकड्यावर आधी शिवून बघा. दोन दोऱ्यांची गाठ चामड्याच्या पोटात मधोमध बसली पाहिजे. खाली दोऱ्याचे फास दिसत असतील तर वरचं टेन्शन सैल आहे, वर गाठीचे ठिपके दिसत असतील तर वरचं जास्त घट्ट आहे. शटलचा बारीक स्क्रू शक्यतो हलवू नका, वरच्यानंच जुळवा. डोळ्याला चष्मा लावा, जाड जागी सुई तुटली की तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही, आणि चेनच्या धातूवरून किंवा रिव्हेटवरून कधीच शिवू नका.

काय करायचं नाही ते पण सांगतो. बुटाचा तळ पॅचरवर होत नाही, ते आरीचं आणि हाताचं काम. कोल्हापुरी चप्पल तर मशीनला दाखवायची पण नाही, ती चामड्याच्या वादीनं हातानं शिवलेली असते. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपले सांगली-सातारा जिल्हे पण आहेत, तेव्हा तिचा तळ उसवला तर ज्याला वादीचं काम येतं त्याच्याकडंच द्या, पॅचरचा नायलॉन दोरा तिच्यातलं चामडं करवतीसारखा कापतो. बेंदराच्या आधी खिल्लार बैलांचे घुंगराचे पट्टे यायला लागतात, त्यांचं पण तेच. दोन थर म्हशीचं चामडं आणि आत पॅडिंग, सात-आठ मिलिमीटर होतं. पॅचरला पाच-सहाच्या पुढं नेलं की तो नाही म्हणत नाही, गुपचूप खालचे गिअर झिजवत राहतो. अशा पट्ट्यावर मी फक्त वरचं रंगीत चामडं मशीनवर ठिगळासारखं लावतो आणि कडा दोन सुयांनी हातानं शिवतो, मेण लावलेल्या दोऱ्यानं.

काम संपलं की पायाखाली चामड्याचा एक तुकडा ठेवून पाय खाली सोडा, म्हणजे दात आणि खालची प्लेट एकमेकांवर घासत नाहीत, आणि तो तुकडा रात्री गळणारं तेल पण शोषून घेतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी चाक फिरवा, काम नसलं तरी. मी अजून एक करतो, मशीनचं डोकं ज्या बोल्टांवर स्टँडला बसलंय त्यांना दरवर्षी मे महिन्यात ग्रीस लावून एकदा सोडून परत बसवतो. आयर्विनजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की स्टँड तिथंच राहतो, बोल्ट पाच मिनिटांत निघतात आणि डोकं आम्ही दोघं उचलून वरच्या मजल्यावर नेतो.